बाबांच्या नाटकाची डीव्हीडी: नऊ रात्री आवाज मागं पडत राहिला

आधी ज्या गोष्टीनं माझ्या नऊ रात्री खाल्ल्या ती सांगतो, म्हणजे कुणाला एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मोबाइलवर शूट केलेला व्हिडिओ डीव्हीडीसाठी घेताना सगळ्यात आधी त्याचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) येतात तो आकडा, 'कॉन्स्टंट' (कायम एकच) आहे की 'व्हेरिएबल' (कमी-जास्त होणारा) ते बघा. व्हेरिएबल असेल तर आधी तो २५ वर पक्का करून घ्या. मेनू, चॅप्टर, डिस्क, सगळं त्यानंतर.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं. दिवाळी झाली की इकडं मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्यांची नाटकं येतात तशी गावाची स्वतःची हौशी मंडळीही नाटक बसवतात. बाबांनी तीस-एक वर्षं त्यात काम केलं. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाबांनी पेपरातला तो फोटो कापून ट्रंकेत ठेवला, इतकं त्यांना या रंगभूमीचं वेड आहे. गेल्या मंडईला तब्येत बरी नसतानाही ते शेवटचं म्हणून उभे राहिले. म्हाताऱ्या पाटलाची भूमिका, दुसऱ्या अंकात दोन प्रवेश. भाच्यानं सगळं नाटक मोबाइलवर घेतलं आणि पुण्याला गेल्यावर इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर टाकून दिलं.

बाबांना मोबाइलवर दिसत नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. घरात जुना पेटीसारखा टीव्ही आणि तितकाच जुना डीव्हीडी प्लेअर आहे, आणि त्याचा रिमोट त्यांना अंधारातही चालवता येतो. प्लेअरला पेनड्राइव्हची खाच आहे, पण तिच्यातून गाणी वाजतात, एमपीफोर व्हिडिओ दिसत नाही. म्हणून डीव्हीडी. नवीन टीव्ही घ्या म्हणणारे खूप भेटले. बाबांना नवीन रिमोट शिकवायचा नव्हता, त्यांना नाटक दाखवायचं होतं.

डाउनलोडचं फार सांगत नाही. नांदी, पहिला अंक, दुसरा अंक अशा तीन फाइली, मिळून ८ जीबीच्या आसपास. दिवसाला दोन जीबीचा पॅक, आणि नेटवर्क धरायचं म्हणजे शाळेमागच्या बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर जाऊन बसायचं. मोठ्या फाइली एका दमात उतरत नाहीत. अर्ध्यात तुटलं तर तिथूनच पुढं सुरू करणारं डाउनलोडर वापरा.

फाइली उतरल्यावर मी आधी एक चूक केली. तालुक्याच्या एका दुकानात पेनड्राइव्ह देऊन तीनशे रुपयांत डीव्हीडी करून आणली. प्लेअरमध्ये घातली तर पडद्यावर डिस्क एरर. त्या दुकानदारानं एमपीफोर फाइली तशाच्या तशा डिस्कवर उतरवल्या होत्या. त्याला डेटा डिस्क म्हणतात, ती कॉम्प्युटरवर चालते. जुन्या प्लेअरला लागतो तो डीव्हीडी-व्हिडिओ: एमपीईजी-२ प्रकारचा व्हिडिओ, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ आकार आणि सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झवर, आणि हे सगळं व्हिडिओ-टीएस नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी आणि आयएफओ फाइलींच्या रूपात. दुकानात डिस्क करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी हा फोल्डर उघडून दाखवायला सांगा. मी परत गेलो तेव्हा तो म्हणाला, तुमचा प्लेअरच खराब आहे. तो प्लेअर आजही चालू आहे.

मग ठरवलं, घरीच करायचं. लॅपटॉप होता, यूएसबीचा डीव्हीडी रायटर शाळेतल्या सरांकडून आणला. डीव्हीडीस्टायलर हा फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवला. मेनू बनवणं, चॅप्टर टाकणं, डिस्क जाळणं (म्हणजे डिस्कवर लिहिणं), सगळं त्यात होतं. व्हिडिओ मात्र आधी दुसऱ्या एका कन्व्हर्टरमधून एमपीईजी-२ करून घ्यावा असं मी कुठंतरी वाचलं आणि तसं केलं.

पहिली रात्र. पाच मिनिटांचा तुकडा करून बघितला, अगदी व्यवस्थित. ओठ आणि आवाज जुळलेले. खूश होऊन अख्खा अंक लावला आणि झोपलो. लॅपटॉपला पाच तास लागत होते. सकाळी डिस्क जाळून लावली. नांदी झकास. गण झकास. अर्ध्या तासानं तबल्याची थाप हाताच्या मागून ऐकू यायला लागली. अंकाच्या शेवटी तर नट तोंड मिटून विंगेत निघून जातो आणि मग त्याचं वाक्य येतं. घड्याळ लावून मोजलं, ११८ मिनिटांच्या शेवटी पाच सेकंदांचा फरक.

बाबा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "मानूस आधी रडते अन् रडनं मागून येते, असं कायले होते गा बाबू?"

मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या रात्री आवाज पाच सेकंद आधी सरकवला. शेवट जुळला, सुरुवात बिघडली. आता आवाज तोंडाच्या आधी. इथंच मला कळायला हवं होतं की चूक ठरावीक अंतराची नाही, वाढत जाणारी आहे. अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच असेल तर आवाज सरकवून काम होतं. वाढत जात असेल तर सरकवण्यात एक मिनिटही घालवू नका.

तिसऱ्या रात्री आवाजाचा दर तपासला. फाइलीत ४४.१ होता, डीव्हीडीला ४८ लागतो. वाटलं, हेच कारण. बदलला, पुन्हा पाच तास, आणि फरक तसाच्या तसा. चौथ्या रात्री दीड वाजता लाइट गेली. आमच्याकडं लाइट गेली की कधी येईल ते कुणी सांगत नाही, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची. सगळं पहिल्यापासून. पाचव्या रात्री कन्व्हर्टर बदलला, तरी तेच. सहाव्या रात्री अंकाचे चार तुकडे करून वेगवेगळे जुळवायचा प्रयत्न केला. दोन तुकडे बरोबर आले, दोन चुकले. त्याचा मला फार राग आला, कारण चूक सारखी असती तर समजली असती. ज्याला विचारावं तो सांगे, लॅपटॉप स्लो आहे, नवीन घे. हा सल्ला मी अजून विसरलेलो नाही, कारण तो साफ चुकीचा होता. लॅपटॉप स्लो असला तर काम उशिरा होतं, आवाज मागं पडत नाही.

चुकलेल्या दोन तुकड्यांत काय वेगळं आहे ते सातव्या रात्री शांतपणे बघत बसलो. दोन्हींत स्टेजवरची लाइट मंद केलेली होती. एकात मसणवटीचा प्रवेश, एकात रात्रीचा वाडा. उजेड असलेल्या प्रवेशांत आवाज होता तिथंच राहायचा, अंधाराचा प्रवेश आला की दोन-अडीच सेकंद मागं जायचा, मग पुन्हा तिथंच राहायचा.

मीडियाइन्फो नावाचं एक छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्यात भाच्याची मूळ फाइल टाकली. फ्रेमरेट मोड: व्हेरिएबल. जास्तीत जास्त ३०, कमीत कमी १५ च्या आसपास. तेव्हा उलगडा झाला. उजेड कमी झाला की मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो, म्हणून सेकंदाला फ्रेम कमी घेतो. मोबाइलवर बघताना ते कळत नाही, कारण कुठली फ्रेम केव्हा दाखवायची त्याची वेळ फाइलीत लिहिलेली असते. माझे कन्व्हर्टर ती वेळ न बघता सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर धरत होते. अंधारातल्या कमी फ्रेम भराभर संपायच्या, चित्र पुढं पळायचं आणि आवाज बिचारा आपल्या चालीनं मागून यायचा.

इलाज दोन खटक्यांचा होता. हँडब्रेक हाही फुकटचा प्रोग्राम. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट २५ निवडायचा आणि त्याच्याच खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर खूण करायची. आवाजाचा सॅम्पलरेट ४८. क्वालिटीचा आकडा (जितका कमी तितकं चित्र चांगलं) मी १८ ठेवला, कारण हीच फाइल पुढं पुन्हा एमपीईजी-२ व्हायची होती आणि दोनदा दाबून चित्र खराब व्हायला नको होतं. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, तो फक्त फाइल सरळ करून देतो. ती सरळ झालेली फाइल मी थेट डीव्हीडीस्टायलरला दिली, मधला कन्व्हर्टर काढूनच टाकला.

या वेळी तपासणीही बदलली. पहिली पाच मिनिटं बघण्यात अर्थ नाही, तिथं सगळंच बरोबर असतं. मी थेट अंकाच्या शेवटच्या दहा मिनिटांवर गेलो, जिथं कोरस टाळ्या वाजवतो. टाळी आणि आवाज एकत्र. मी एकटाच होतो तरी मोठ्यानं "जमलं!" म्हणालो, आणि आई आतून उठून आली. सेकंदाच्या ३० फ्रेमच्या २५ झाल्यामुळं लावणीच्या जागी पाय किंचित अडखळल्यासारखे दिसतात. ते मी मान्य केलं.

डिस्क किती लागतील याचा हिशेब आधी करा. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ते ४.३७ दाखवतो, घाबरू नका. माझं नाटक एकूण २४३ मिनिटांचं. एकाच डिस्कवर कोंबलं तर सेकंदाला अडीच मेगाबिट डेटा वाट्याला येतो, आणि अंधाराच्या प्रवेशांत चौकोन चौकोन दिसायला लागतात. दोन डिस्क केल्या. पहिलीवर नांदी आणि पहिला अंक मिळून १२८ मिनिटं, दुसरीवर ११५. व्हिडिओला साडेचार मेगाबिटच्या जवळपास मिळाले, चित्र स्वच्छ.

चॅप्टर दर पाच मिनिटांनी एक असे सरसकट टाकणं सोपं आहे, पण नाटकाला ते शोभत नाही. वाक्याच्या मध्येच उघडतं. मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक प्रवेशाची वेळ लिहून काढली. दुसऱ्या अंकात अकरा निघाले. एका व्हिडिओला ९९ चॅप्टर चालतात, म्हणजे जागेची चिंता नाही. प्रवेशाच्या नेमक्या क्षणाच्या एक सेकंद आधीची वेळ द्या, नाहीतर पहिला शब्द कापला जातो.

मेनूत 'पाटलाचा प्रवेश' असं वेगळं बटण केलं, त्याला थेट त्या चॅप्टरवर उडी दिली. मराठी अक्षरं आधीच ७२० बाय ५७६ च्या चित्रात लिहून घेतली आणि त्यावर फक्त बटणं ठेवली. अक्षरं मोठी, पिवळी, एका पानावर चारच. जुना पेटीचा टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या खातो, म्हणून लिहिलेलं सगळं मधोमध आणा. माझं पहिलं 'अंक दुसरा' डावीकडून कापलं गेलं होतं. आणि व्हिडिओ संपल्यावर परत मेनूवर यायची आज्ञा आहे का ते बघा, नाहीतर शेवटी काळा पडदा येतो आणि म्हातारी माणसं समजतात की बिघडलं.

हे आधीच सांगायला हवं होतं: थेट डिस्क जाळू नका. आधी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) बनवा आणि कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून सगळी बटणं दाबून बघा. त्या नऊ रात्रींत मी सात डिस्क वाया घालवल्या. रीरायटेबल (पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क तुमच्या प्लेअरला चालत असेल तर तपासणी तिच्यावरच करा. शेवटची डिस्क ४ एक्सच्या वेगानं जाळा, पंधरा मिनिटं लागतात पण जुना प्लेअर तिला नखरे करत नाही. वर कागदाचं स्टिकर लावू नका, सीडी मार्करनं लिहा.

दहाव्या दिवशी संध्याकाळी लावली. बाबांनी रिमोट स्वतःच्या हातात घेतला. मेनू आला, त्यांनी बाण खाली नेला, पिवळ्या अक्षरांवर थांबले, अक्षरं मोठ्यानं वाचली आणि ओके दाबलं. पाटील लाठी टेकत आला. त्याचं पहिलं वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच ऐकू आलं. बाबा पुढं वाकले आणि पडद्यावरच्या पाटलासोबत पूर्ण स्वगत म्हणाले, एक शब्द चुकला नाही. संपल्यावर मेनू परत आला. त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं.

आता नाटकातल्या बाकीच्यांनीही डिस्क मागितल्या आहेत. नऊ जोड झाले, चार राहिलेत. आयएसओ जपून ठेवलेली असल्यामुळं रोज जेवण झाल्यावर एक जोड जाळून होतो. सरांचा रायटर सोमवारी परत द्यायचा आहे.