गीतमालेचं 1975 साल

रात्री सगळं आवरलं की हल्ली बिनाका गीतमालेच्या, म्हणजे रेडिओ सिलोनवरच्या त्या लोकप्रिय हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाच्या, वार्षिक याद्या काढून बसतेय. एक साल घ्यायचं आणि शेवटच्या पायदानापासून, म्हणजे शेवटच्या नंबरापासून, वर वर ऐकत जायचं, बस. आज 1975 लागलं आणि तिथेच अडकले, म्हणून लिहून ठेवते.

सुरुवात 1953 पासून केली होती. त्या सालचं सगळ्यात वरचं गाणं 'ये जिंदगी उसी की है', अनारकलीतलं, लताबाईंचा आवाज आणि सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या चितळकर अण्णांचं संगीत. आणि बघा, त्याच काळात दिल्लीत माहिती-प्रसारण खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण केसकर, तेही मराठीच, आणि त्यांना रेडिओवर सिनेमाची गाणी नको होती, शास्त्रीय संगीत हवं होतं. आकाशवाणीवरनं फिल्मी गाणी जवळजवळ गायबच झाली आणि लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. मला केसकरांचा राग येत नाही खरं तर, दर शनिवारी रात्री मोठमोठे गवई घराघरात ऐकू यायला लागले ते त्यांच्याच काळात, ती तळमळ खरी होती, पण माणसं आपल्याला हवं ते शोधत समुद्रापलीकडे गेली हेही तितकंच खरं. गीतमाला मुंबईत रेकॉर्ड व्हायची, टेप विमानानं कोलंबोला, रेडिओ सिलोनकडे जायच्या आणि बुधवारी रात्री आठला निवेदक अमीन सायानींचा आवाज शॉर्टवेव्हच्या खरखरीतनं परत इथेच यायचा. केवढा वळसा! 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली तोवर बुधवार लोकांच्या अंगवळणी पडला होता.

नंबर कसे ठरायचे, तर दुकानात कुठल्या रेकॉर्डी खपल्या आणि ठिकठिकाणचे श्रोता संघ पत्रातनं काय कळवतायत यावरनं. म्हणजे कोणीतरी खिशातनं पैसे काढून रेकॉर्ड घेतलीय, कोणीतरी कार्ड लिहून पेटीत टाकलंय. मला म्हणूनच या याद्या इतक्या जवळच्या वाटतात, ही गाणी लोकांनी मागितलेली आहेत. आता आकडे कोटींत असतात पण एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, त्यातलं मी मागितलेलं किती आणि समोर आलं म्हणून ऐकलेलं किती, कोण सांगणार.

तर 1975. वर्षाचं पहिलं गाणं कुठलं, तर 'महंगाई मार गई'. मी दोनदा यादी तपासली. रोटी कपडा और मकानमधली कव्वाली, वर्मा मलिकचे शब्द, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आणि गायला लता, मुकेश, नरेंद्र चंचल, जानी बाबू कव्वाल, आणि लांबी तर एवढी की दोन साधी गाणी बसतील. ना प्रेम, ना विरह, ना पाऊस. दुकानदार, रेशन, पगार, घरात काय शिजणार याचा हिशोब, आणि हे वर्षभरातलं सगळ्यात लोकप्रिय गाणं! 1973-74 मध्ये महागाईनं जे काही केलं होतं ते इतिहासाच्या पुस्तकात वाचलं होतं, टक्केवारीसकट, पण ते पोटात आज शिरलं, हे गाणं पहिल्या नंबरावर बघून. शिवाय तारीख बघा. जूनमध्ये आणीबाणी लागली, पेपरांवर सेन्सॉर आला, आणि डिसेंबरात वर्षाचा हिशोब झाला तर वर काय, तर महागाईनं मारलं म्हणणारं गाणं. तेव्हा कोणी मुद्दाम निषेध म्हणून मत दिलं असेल असं मी म्हणणार नाही, गाणं आधीच्या वर्षीच्या सिनेमाचं, चाल जबरदस्त, ढोलकी अंगात येते, लोकांना आवडलं म्हणून वर गेलं असणार. पण आवडलं कशामुळे? स्वतःच्या घरातलं कोणीतरी सुरात बोललं म्हणूनच ना.

समीक्षकांच्या सर्वोत्तमच्या याद्यांमध्ये ही कव्वाली मला फारशी दिसत नाही, तिथे त्याच काळातली नाजूक गाणी असतात, तीही मला प्राणप्रिय आहेत. पण या गाण्याला तिथे जागा नसावी हे मला पटत नाही. चंचलचा तो वर चढलेला आवाज ऐका एकदा, मग मुकेशचा शांत खालचा स्वर, एकाच दुखण्याचे दोन चेहरे वाटतात.

आणि मग 1976 उघडलं तर पहिल्या पायदानावर परत मुकेशच, 'कभी कभी मेरे दिल में'. एका वर्षात रेशनच्या रांगेतनं थेट कवितेत. त्याच ऑगस्टमध्ये मुकेश अमेरिकेत वारले, दौऱ्यावर असताना, म्हणजे वर्षअखेरीला त्यांचं गाणं पहिलं आलं तेव्हा ते नव्हतेच. हे एवढं साधं गणित मी आजपर्यंत कधी केलं नव्हतं. पुढचं साल उद्या, आज अजून एकदा कव्वाली ऐकणार, पूर्ण, एकही कडवं न गाळता.