प्रायमरचा पहिला हात

रंगाआधी प्रायमर मारणे म्हणजे उगाच वाढवलेले काम, असे मला स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या १:७२ प्रमाणातील प्लास्टिक मॉडेलचे पंख जोडून होईपर्यंत वाटत असे. सांध्यात पुट्टी भरून, पाण्याच्या सँडपेपरने घासून, बोट फिरवून तो सपाट झाल्याची मी खात्री करून घेतली होती; परंतु राखाडी प्रायमरचा पातळ थर बसताच पंखाच्या पुढच्या कडेवर केसाएवढी भेग स्पष्ट दिसू लागली.

मी मिस्टर सरफेसर १५०० हा लॅकर जातीचा, म्हणजे झपाट्याने उडणाऱ्या थिनरात विरघळणारा, प्रायमर वापरतो. त्याच्या एका भागाला साधारण दोन भाग लॅकर थिनर घालून मिश्रण दुधाइतके पातळ करतो आणि एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाच्या, ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून १५ ते १८ पीएसआय दाबाने, आठ-दहा सेंटिमीटर अंतरावरून फवारतो. एअरब्रश फार लांब धरला, तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फार जवळ धरला, तर प्रायमर ओघळून विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या पॅनेलच्या बारीक रेषा बुजवतो. या सगळ्याआधी मॉडेलचे सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुवावेत, कारण साच्यातील तेलकटपणा उरला तर मास्किंग टेपसोबत प्रायमरही निघून येतो.

पावसाळ्यात मात्र मी हे काम टाळतो. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि थरावर पांढुरकी झाक येते. खिडकी उघडी ठेवूनही रासायनिक वाफांसाठीचा फिल्टर-कार्ट्रिज असलेला मास्क लावावाच लागतो. साध्या कापडी मास्कने वाफा अडत नाहीत.