तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या प्रार्थनेत जोर का नाही?

"पाळकसाहेब, त्या चंगाईच्या सभेत लोक बरे होतात, मग आपल्या मंडळीत का नाही? आपल्या प्रार्थनेत जोर नाही का?"

उपासना संपून दाराशी चपला शोधताना, साखरपुड्याच्या पंगतीत, एकदा तर दफन आटोपून कबरस्तानातून परतताना हे मला विचारलं गेलंय. आजवर "प्रभूची इच्छा" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

नाही जोर. माझ्या प्रार्थनेत तरी नाही. माझ्याच अंगी असता, तर मागणं कशाला मागितलं असतं? हुकूमच सोडला असता की.

हे ऐकलं की कुणीतरी केडगावचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं, नाव काढतंच. 1905 मध्ये मुक्तीत मुली प्रार्थनेला बसल्या आणि पवित्र आत्मा उतरला, मग आमच्यावर का नाही? उतरला, मी कुठे नाही म्हणतोय. पण दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी रमाबाईंनी तिथेच विहिरी खणून घेतल्या, छापखाना चालवला, विणकाम शिकवलं, ते कुणी का सांगत नाही? आणि 1921 मध्ये त्यांची मुलगी मनोरमा त्यांच्याआधी वारली. त्या घरात काय प्रार्थना कमी पडली होती? प्रेषित पौलाचे रुमाल नेऊन घातले तरी दुखणेकरी बरे होत, हे बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तोच पौल आपला सोबती त्रफिम याला आजारी म्हणून मिलेत शहरात मागे ठेवतो, आणि शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ही वचनं सभेच्या स्टेजवर कधी वाचलेली ऐकलीत?

रागावून बोलतोय, कळतंय मला. त्याला कारण आहे.

आमच्या मंडळीत एक टेलर आहेत. शुगर जुनी, इन्सुलिन चालू. घरी फ्रिज नाही, म्हणून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवायचे. पायाच्या अंगठ्याला जखम झाली म्हणून त्यांनी बोलावलं. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं बायबलातल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय, त्याप्रमाणे तेल घेऊन गेलो. मडक्याकडे सहज नजर गेली, तर आत लिंबं.

"इन्सुलिन कुठंय?"

"बंद केलं, साहेब. सभेत साक्ष दिली ना मी. आता परत टोचून घेतलं तर ती साक्ष खोटी ठरेल."

बाहेरगावच्या उपदेशकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून माईकवरून बरे झाल्याचं जाहीर केलं होतं. मी म्हणालो, आधी इंजेक्शन सुरू करा, मग प्रार्थना करू. त्यांच्या बायकोने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे आधी डॉक्टर, मग देव? रविवारी तर तुम्ही उलटं सांगता."

मी रविवारी उलटं सांगत नाही. पण त्यांना तसं ऐकू येतं, आणि त्या घटकेला दोन्हींतला फरक मला एका वाक्यात सांगता आला नाही. अजूनही येत नाही. त्या दिवशी इंजेक्शन घेतलं गेलं नाही. प्रार्थना मात्र मी केली, कारण तेल घेऊन गेलेला माणूस तसाच परत कसा येणार?

पुढे पाय काळा पडला. नगरला ऑपरेशन ठरलं. गुडघ्याखाली कुठून कापायचं, तिथे सर्जनने पेनाने रेघ मारून ठेवली होती. टेलरकाका म्हणाले, "साहेब, पाय वाचावा म्हणून मागा." ती रेघ दिसत असताना मी मोठ्याने मागितलं. पाय वाचला नाही.

सेमिनरीतून नवा आलो तेव्हा माझी एक वही होती. डावीकडे विनंत्या, उजवीकडे उत्तरं. ती वही लिहिणारा पोरगा म्हणेल, तू संशय ठेवून मागितलंस, म्हणून मिळालं नाही. त्याला मी म्हणतो, बाबा रे, तुझ्या वहीत उजवीकडे कोऱ्या राहिलेल्या ओळी तू मोजल्याच नाहीस. त्यावर तो म्हणतो, आणि भरलेल्या? त्यातल्या एक-दोन अशा आहेत की डॉक्टरांनाही उलगडा झाला नव्हता, आणि त्या मी खोडू शकत नाही. मग तो गप्प बसत नाही आणि मीही नाही.

"माझी कृपा तुला पुरेशी आहे" हे वचन मला लोकांना सांगायला सोपं जातं. पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, दूर व्हावं म्हणून तीनदा विनवलं, तेव्हा त्याला ते ऐकायला मिळालं, आणि काटा तसाच राहिला. टेलरकाकांना मी ते अजून ऐकवलेलं नाही. ऐकवायची हिंमत होत नाही म्हणा.

त्यांनी आता शिलाई मशीनला मोटर बसवली आहे. मध्यस्थीच्या प्रार्थनेत सगळ्यांत खणखणीत आवाज त्यांचाच असतो. त्या उपदेशकासाठीही ते प्रार्थना करतात. मला ते जमत नाही.

येत्या बुधवारी उपास-प्रार्थना आहे. शुगरवाल्यांनी जेवून, औषध घेऊन यायचं, हे मी आता सूचनांमध्येच वाचून दाखवतो. गेल्या वेळी मागच्या बाकावरून आवाज आला, "हाच तो अविश्वास."