पी०१०७ : मॅप सेन्सर निर्दोष सुटला!

सापडला एकदाचा खरा दोषी! पी०१०७ म्हणजे मॅप सेन्सरचा (इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर) सिग्नल फार खाली गेल्याचा एरर कोड. पण खुद्द सेन्सरचा यात काडीचाही दोष नाही.

मागच्या अपडेटमधली लक्षणं तीच होती. थंड इंजिनवर सगळं आलबेल, गाडी तापली की चेक इंजिन, पिकअप गायब आणि लाइव्ह डेटात मॅनिफोल्डचं प्रेशर तळाला. एरवी इंजिन सुरू न करता चावी ऑन केली की १०० किलोपास्कलच्या आसपास, आयडलला ३४. दोन्ही आकडे ठीक. सेन्सर काढून बाहेरून ५ व्होल्ट दिले आणि हातपंपाने व्हॅक्यूम ओढला. सिग्नल ४.५ वरून १.४ पर्यंत न अडखळता उतरला, तापवूनही तसाच. "नवा सेन्सर टाक" म्हणणाऱ्यांनी माफ करा, तो खर्च वाचला.

मग उरली वायरिंग. ग्राउंडचा व्होल्टेज ड्रॉप ०.०२, एकदम स्वच्छ. ५ व्होल्ट रेफरन्सवर (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरला देतो तो स्थिर पुरवठा) मल्टिमीटर ४.९९ दाखवायचा, तापल्यावर मधूनच ४.६, लगेच परत ४.९९. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची पडझड त्याच्या हाती लागत नाही. शेवटी स्कोप (व्होल्टेजची क्षणाक्षणाची रेघ दाखवणारा) जोडला. (कनेक्टरच्या मागून सरकवायच्या बॅक-प्रोबच्या पिनेनेच. इन्सुलेशन भोसकणाऱ्या प्रोबना माझा कायमचा विरोध. त्या भोकातून पाणी शिरतं आणि आत तांबं हिरवं पडतं.) गाडी तापली आणि रेघ धाडकन शून्यावर. वर आली. पुन्हा शून्यावर.

ईसीयू गेला की काय, या धास्तीने सर्किट डायग्राम उघडला. हीच ५ व्होल्टची लाइन पुढे एसी गॅसच्या प्रेशर सेन्सरलाही जाते! थ्रॉटलचा रेफरन्स वेगळा, म्हणून त्याचा कोड नाही. आणि एसी बंद असताना हा ईसीयू एसी सेन्सरची तक्रार करत नाही. त्याचा कनेक्टर काढला, रेघ सरळ. लावला, पडली. खात्रीसाठी गाडी पूर्ण थंड होऊ दिली आणि फक्त त्या सेन्सरवर लांबून हीट गन धरली. थोड्याच वेळात रेघ कोसळली. अहाहा! गरज नसताना दोनदा केलं.

वायर खराब निघाली तर ईसीयूपासून नवी ओढायचा बेत होता, तो अर्थातच रद्द. आता एसी सेन्सर बदलायचा. बऱ्याच गाड्यांत त्याच्याखाली वॉल्व्ह असतो, त्यामुळे गॅस न काढता तो निघतो. पण सगळ्यांत नसतो, तेव्हा सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय पाना लावणार नाही. सेन्सर ओरिजिनलच घेणार. स्वस्त कॉपीत प्रेशर आणि व्होल्टेजचं गणित जुळत नाही आणि मग रेडिएटरचा फॅन मनाला येईल तेव्हा फिरतो.

तोवर कनेक्टर टेप गुंडाळून बांधलाय. कंप्रेसर बंद, पण कोड परत आलेला नाही आणि लाँग टर्म ट्रिम (ईसीयू इंधनाच्या प्रमाणात करतो ती कायमची दुरुस्ती) +२ टक्क्यांवर स्थिर.

लिहिता लिहिता सुचलं: रेफरन्स ४.७ च्या खाली गेला की पेटून पेटलेलाच राहणारा एलईडी, एका कंपॅरेटरवर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) सहज होईल. सेन्सर येईपर्यंत तेच जोडतो. लॅचसाठी, म्हणजे एलईडी पेटलेलाच धरून ठेवण्यासाठी, कोणी साधं सर्किट वापरलं असेल तर टाका.