आमची वाटचाल : पीव्हीसीच्या स्क्रूपासून निकेल अलॉयपर्यंत

जळगाव एमआयडीसीत वडिलांनी जुना लेथ टाकला तेव्हा काम एकच, पीव्हीसी पाइपवाल्यांचे स्क्रू आणि बॅरल, म्हणजे मशिनमध्ये पीव्हीसी वितळवून पुढे ढकलणारा दांडा आणि त्याची नळी. मशिनमध्ये पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो आणि पोलाद खातो. खड्डे पडलेले स्क्रू भरून द्यायचे. गंज आपला पोशिंदा, असं वडील म्हणत.

पुढे अंकलेश्वरच्या एका केमिकल कारखान्यातून ॲसिड पंपाचा शाफ्ट आला. आम्ही ३१६ स्टेनलेसचा बनवून दिला. स्टेनलेस म्हटलं की विषय संपला, एवढीच आमची अक्कल. दीड महिन्यात तो परत आला, पेन्सिलीसारखा निमुळता. ॲसिडपुढे टिकायला मॉलिब्डेनम लागतं, आणि ३१६ मध्ये ते जेमतेम दोन-तीन टक्के. मग सी-२७६ या निकेल अलॉयकडे वळलो. त्यात ते १५ ते १७ टक्के, शिवाय निम्म्याहून जास्त निकेल. त्याच्या पहिल्या सळईचं बिल बघून वडील अहिराणीतच बोलले, "हाई लोखंड शे का सोनं?"

टर्नरने सवयीने बारीक कट घेतला. टूल नुसतं घासत राहिलं, वरचा थर कडक झाला आणि एका दुपारीत टूलची सहा इन्सर्ट, म्हणजे कापणारी टोकं, गेली. या धातूला गोंजारून चालत नाही. वेग कमी, फीड (टूल पुढे सरकवणं) दमदार, आणि टूल मध्येच थांबवायचं नाही.

खरं रडवलं ते वेल्डिंगने. एका नोझलला डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगा दाखवणारा लाल रंग, लावला तर सांध्यात बारीक लाल रेघ. दोन दिवसांनी कारण सापडलं : कडेला राहिलेला ग्रीसचा डाग. त्यातलं गंधक निकेलशी मिळालं की तो भाग कमी तापमानालाच वितळतो आणि सांधा थंड होताना तिथे फाटतो. नोझल भंगारात गेलं, घरचा फ्रिजही पुढच्या वर्षावर गेला. तेव्हापासून निकेलला वेगळी खोली आहे. लोखंडावर चाललेली चकती, ब्रश, हातमोजे आत न्यायचे नाहीत. वेल्डिंगचा पुढचा पास (थर) मारण्याआधी सांधा १०० अंशांखाली यावा लागतो. जळगावच्या मे महिन्यात तेवढ्यात चहा पिऊन होतो.

८ मार्च २०२२ ला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरवर गेलं आणि तिथले व्यवहारच थांबवले. आमच्या पुरवठादाराने फोन उचलणं सोडलं. हातात जुन्या भावाची ऑर्डर होती. ती त्याच भावात दिली, तोटा सोसला. आता कोटेशनखाली 'भाव तीन दिवस' असं लिहितो.

सी-२७६ कातताना निघालेली बुरी (चुरा) वेगळ्या डब्यात, कुलपात ठेवतो. किल्ली वडिलांकडे.