एंडोस्कोपी सात मिनिटांची, सहीसाठी साडेचार तास

एंडोस्कोपीला, म्हणजे तोंडातून दुर्बीण टाकून पोट आतून पाहतात त्याला, घाबरू नका हे सगळेच सांगतात, मी पण सांगते, खरंच घाबरण्यासारखं काही नाही. पण दवाखान्याच्या काउंटरवर जे झालं ते आज बारा दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

आमचं गाव हिंगणघाटजवळ. दोन-अडीच वर्षांपासून पोटात जळजळ, जेवलं की वरचं पोट फुगायचं. मेडिकलवाल्याकडून गॅसची गोळी घ्यायची आणि निंदणाच्या दिवसात कंबर धरली की दुखण्याची गोळी, तीही रोज. दिवाळीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, संडास काळी होते काय? मी म्हटलं, कधीकधी होते. त्या म्हणाल्या मग आत कुठेतरी रक्त जात असेल, आता गोळ्यांवर ढकलू नका, आतून दुर्बीण टाकून पाहून घ्या. (लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, त्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर उगाच गोंधळ होतो.)

नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात फोन करून नंबर लावला. फोनवर पोरीने दोनच गोष्टी सांगितल्या, उपाशी या आणि कोणीतरी सोबत आणा. बस एवढंच. रात्री आठला जेवले, त्यानंतर पाणीही घेतलं नाही, सकाळी सहाच्या गाडीने मी आणि माझी मुलगी निघालो. कापसाची वेचणी चालू, सहा बाया वावरात, संध्याकाळी वजन करून पैसे द्यायचे म्हणून यांना घरीच ठेवलं. मुलगी बारावीला आहे, हुशार आहे, फाईल तीच सांभाळते. सव्वानऊला काउंटरवर पोचलो.

काउंटरवरच्या माणसाने मुलीचं वय विचारलं. सतरा. तो म्हणाला चालणार नाही, नवऱ्याला बोलवा, भुलीच्या फॉर्मवर नवऱ्याची सही लागते. मी म्हटलं सही मी करते ना, मला लिहिता-वाचता येतं, बचत गटाची सचिव आहे मी. नाही म्हणे, पुरुष माणूस पाहिजे, नवरा नाहीतर भाऊ. मी म्हटलं माझी नणंद इथंच नंदनवनला राहते, तिला बोलावू का? तर त्याने मान वर न करता सांगितलं, बाई, नवऱ्याला बोलवा, पुढचा नंबर!

यांना फोन लावला. हे म्हणाले, "अवं, कापूस उघडा पडला आहे, बाया वावरात आहेत, कसा येऊ?" मग दोन मिनिटांनी परत फोन, "थांब, निंगतो मी." शेजारच्यांना वजनाचा काटा देऊन निघाले बिचारे. वाटेतल्या जाम गावापर्यंत यायलाच त्यांना साडेअकरा वाजले.

तोपर्यंत मी बाकड्यावर. ओठ कोरडे, डोकं दुखायला लागलेलं, माझ्यानंतर आलेले चार पेशंट आत जाऊन बाहेर पण आले. खाली तर्री पोह्याचा ठेला होता, वास वरपर्यंत यायचा, मुलगी माझ्यापायी उपाशी बसली होती, तिला रागावून खाली पाठवलं. पाणी पिऊ का म्हणून दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं.

साडेबाराला हिरव्या कपड्यातल्या एक मॅडम बाहेर आल्या, भुलीच्या डॉक्टर त्याच होत्या. त्यांनी स्वतःहून विचारलं, तुम्ही सकाळपासून का बसल्या आहात? मी सगळं सांगितलं, आवाज चढला माझा, चढू दिला. त्या म्हणाल्या, तुम्ही शुद्धीत आहात, अठराच्या वरच्या आहात, तर तुमची संमती तुम्हीच द्यायची, त्याला नवऱ्याची सही लागत नाही. सोबत मोठं माणूस लागतं ते वेगळ्या कारणासाठी, भुलीनंतर तुम्हाला झोप असते, चालताना तोल जातो, सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून घरी नेणारं कोणीतरी पाहिजे. बाई असो की माणूस.

म्हणजे सही ही एक गोष्ट आणि सोबत ही दुसरी. काउंटरवाल्याने दोन्हीची खिचडी केली आणि माझे साडेचार तास आणि घरची अर्ध्या दिवसाची वेचणी त्यात गेली. नणंदबाई अर्ध्या तासात ऑटोने आल्या. सव्वानऊला एक फोन केला असता तर दहाला मी आत असते! पाण्याचंही तसंच, मॅडम म्हणाल्या, जड जेवण सहा ते आठ तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरत नाहीत, तो जेवणातच धरतात. शुगरवाल्यांनी आणि ज्यांचं पोट उशिरा रिकामं होतं त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावं.

तर तुम्ही फोन करताना हे नीट विचारा: सोबत कोण चालेल, वय किती पाहिजे, पाणी किती वाजेपर्यंत. आणि भुलीचा चार्ज वेगळा आहे काय, तेही.

पावणेदोनला आत घेतलं. खरं सांगते, मला वाटलं होतं ऑपरेशनसारखं पूर्ण बेशुद्ध करतात. तसं नाही, श्वास आपला आपणच घेतो, फक्त गाढ झोप लागते. ज्यांना भूल नको त्यांना नुसता घशात स्प्रे मारूनही करतात, ते लोक लगेच उठून घरी जातात, पण उबळ येते म्हणतात. मी भूल घेतली. घशात स्प्रे मारला, कडू लागतो आणि घसा जाड झाल्यासारखा होतो, थुंकी गिळता येत नाही असं वाटतं पण येते. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लास्टिकची कडी, नाकाला ऑक्सिजन, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. नेलपॉलिश लावून जाऊ नका, चिमट्याला बरोबर दिसत नाही. कवळी असेल तर आधीच काढून ठेवा. हाताच्या सुईतून दुधासारखं पांढरं औषध सोडलं, शिरेत थोडं चुणचुणलं, सिस्टर म्हणाल्या मोठा श्वास घ्या बाई, तेवढंच आठवते. डोळे उघडले तर नणंदबाई जवळ बसलेल्या. सात मिनिटं लागली म्हणे. दुखलं काहीच नाही, दोन-तीन मोठे ढेकर आले कारण आत हवा भरतात.

हे अडीचला पोचले, हातात केळी घेऊन. पण घसा बधिर असेपर्यंत खायचं नाही, ठसका लागून श्वासनळीत जाऊ शकते. तासाभराने आधी घोटभर पाणी पिऊन पाहिलं, मग केळं. एकोणीस तासांनंतरचं ते केळं होतं.

पोटात सूज आणि छोट्या छोट्या जखमा निघाल्या, दुखण्याच्या गोळ्यांनी असं होतं म्हणाले. पोटाच्या आतल्या आवरणाचा छोटा तुकडा काढून एका छोट्या किटमध्ये टाकला, किटचा रंग पिवळ्याचा गुलाबी झाला, म्हणजे पोटात राहणारा एच. पायलोरी नावाचा जंतू आहे. चौदा दिवसांचं औषध दिलं, मधेच सोडायचं नाही. कंबरेची गोळी बंद. हो, एक राहिलंच, गॅसची गोळी घेऊन या जंतूची तपासणी केली तर तो लपू शकतो, म्हणून साधारण दोन आठवडे आधी ती बंद ठेवायला सांगतात. मला कोणी सांगितलं नव्हतं, जंतू तरी सापडला हे नशीब. पण ती बंद करायची की नाही हे डॉक्टरलाच विचारा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही न विचारता सोडू नका.

भुलीनंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. त्या संध्याकाळी बचत गटाच्या पैशाच्या कागदावर माझी सही पाहिजे होती, मी नाही म्हटलं, उद्या करते. आणि खरंच, परतीच्या गाडीत बुटीबोरीपर्यंत मी यांच्याशी काय बोलले ते मला आजही आठवत नाही, हे सांगतात की मी फक्त काटा कोणाजवळ दिला एवढंच विचारत होते. नंतर पोट खूप दुखलं, ताप आला किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच परत जायचं, हे दवाखान्यातल्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद मुलीने दारामागे चिकटवला.

तुकड्याचा मोठा रिपोर्ट यायचा आहे. तो आणायला मी एकटीच जाणार, कोणाची सही लागते काय हे फोन करून विचारून घेतलं, लागत नाही.