फ्रीजमधलं मशरूम आणि बांगड्या

रविवारी मशरूमचं पाकीट आणलं, पांढरी गोल बटणं, प्रत्येकाची टोपी खालून घट्ट मिटलेली, आणि मग नेहमीसारखं ते फ्रीजमध्ये मागे गेलं आणि विसरलं गेलं. गुरुवारी काढलं तर टोप्या उघडून छत्र्या झालेल्या, आतले चॉकलेटी पदर दिसतायत, आणि देठ चक्क लांब झालेले! मला आधी वाटलं दुकानदाराने शिळं दिलं. पण शिळी मेथी मान टाकते, शिळी काकडी मऊ पडते, शिळं होता होता उंची वाढवणारी भाजी मी तरी दुसरी बघितली नाही.

तर भानगड अशी आहे की मशरूमला आपण तोडलं हे त्याच्या गावीच नसतं. खाली ना माती ना खत, तरी देठात जे साठवलेलं असतं त्यावर ते आपलं काम चालू ठेवतं. काम म्हणजे टोपी उंच नेणं, बीजाणू वाऱ्यावर सोडायचे असतात ना. फ्रीजच्या थंडीने वेग कमी होतो, एवढंच.

देठ उभा चिरला की त्याचे तंतू निघतात, तुम्हीही बघितलं असेल. त्या तंतूंमध्ये लांबट पेशी एकापुढे एक लावलेल्या असतात, आणि देठ भराभर वाढतो तेव्हा मुख्यतः आहेत त्याच पेशी लांब होतात, म्हणजे मजले चढवायचे नाहीत, आहे तीच खोली उंच करायची. आता भिंत पाडल्याशिवाय खोली उंच कशी करणार? तेही आत पाण्याचा दाब असताना, कारण पेशी पाण्याने टम्म फुगलेली असते, भिंत जरा जास्त ढिली झाली की फुटलीच.

हे मला कळलं ते बांगड्यांवरून. या पेशीच्या भिंतीत कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे बारीक धागे असतात आणि देठात ते बहुतेक आडवे, पेशीभोवती गोल गोल असतात, मनगटभर बांगड्या भरल्यासारखे. आतून दाब आला तर बांगडी रुंद होत नाही, त्यामुळे पेशीला जाड होता येत नाही, पण दोन बांगड्यांमधलं अंतर वाढू शकतं, म्हणून ती लांब होते. मधला मसाला ढिला करायला एन्झाइम्स असतात, आणि अंतर पडलं की तिथे नवीन कायटिन भरलं जातं. शेणावर उगवणाऱ्या शाईछत्रीच्या देठात हे नीट बघितलं गेलंय. एरवी बुरशीचा धागा फक्त टोकाला वाढतो, पण इथे नवीन कायटिन पेशीच्या लांबीभर जागोजागी घातलं जातं, आणि ते बनणं औषधाने थांबवलं की देठाची वाढही थांबते. कासार बसला संपावर की काम बंद. बुंध्याकडचा भाग मात्र लवकर पक्का होतो, तो मग ताणत नाही, ताणतो तो वरचा, टोपीखालचा.

पावसाळ्यात आमच्या कुंडीत शेणखत घातलं की या शाईछत्र्या येतात, रात्री काही नसतं, सकाळी चार बोटं उंच, आणि संध्याकाळपर्यंत टोपी वितळून काळं पाणी. एका दिवसासाठी एवढा खटाटोप.

कायटिन म्हणजे तेच, कोळंबीच्या सालातलं आणि झुरळाच्या पाठीतलं. गंमत म्हणजे ते पहिल्यांदा सापडलं ते मशरूममध्येच, 1811 मध्ये ब्राकोनो नावाच्या फ्रेंच माणसाला, कायटिन हे नाव नंतर पडलं, किड्यांच्या कवचात ते सापडलं तेव्हा. ही माहिती मी आईला सांगायला नको होती. ती श्रावणात अळंबी खात नाही, ‘तो भाजीचा प्रकार नव्हेच’ म्हणते, आणि मी इतकी वर्षं त्यावरून वाद घातलाय. आता कोळंबीचं साल ऐकल्यावर तिने फक्त माझ्याकडे बघितलं. बरं, उष्णतेने कायटिनला फारसं काही होत नाही, म्हणून बटाटा जास्त शिजला की गाळ होतो आणि मशरूम कितीही शिजवा, दाताखाली लागतंच. इथेही आई म्हणाली, ‘मटणासारखं.’

मग मला प्रयोगाची हुक्की आली. एका मशरूमच्या देठावर बॉलपेनने सारख्या अंतरावर पाच रेघा मारल्या आणि वाटीत ठेवून ओट्यावर ठेवलं, म्हणजे सकाळी वरच्या रेघा लांब गेलेल्या आणि खालच्या जागच्या जागी दिसायला हव्यात. सकाळी उठून बघते तर वाटी धुऊन पालथी घातलेली.

‘आई, इथलं मशरूम?’

‘भाजीत टाकलं. कुणीतरी पेनाने खराब केलं होतं, घासून घेतलं मी.’